मडगार्डखाली

मार्गशीर्ष लागला की घाटावरची माणसं म्हणतात,
आता तुमच्याकडे रस्ते सुकले असतील.
सुकतात ना, सड्यावर.
खाली वायंगणाला पाट सोडतात,
भात कापलेले मळे पुन्हा दुधाळ होतात,
आणि पाटाचं पाणी जिथे बांध ओलांडतं
तिथूनच माझी वाट जाते.
हँडलला थैली, थैलीत
तीन पोस्टकार्डं, एक बँकेची नोटीस,
सीताबाय केळुसकरणीची मनिऑर्डर.

सकाळी दव इतकं, की माडांखालून जाताना
मान आखडून घ्यावी लागते.
मांगरापर्यंत लाल माती. ती सरळ:
लागते, सुकते, झटकली की जाते.
वायंगणातली करडी, लोण्यासारखी,
चाक आणि मडगार्डच्या मधे जाऊन बसते
पाहुण्यासारखी, उठायचं नाव नाही.
मग खारवाडी. उघाडीपाशी भरतीचं पाणी झिरपतं.
तिथला चिखल काळा, त्याला खुब्यांचा वास,
आणि त्यातलं मीठ
रात्रभर साखळी खातं. मला ऐकू येतं.

शिरोड्याच्या बाजारात इनास मिस्त्रीने
सायकल हातात देताना बजावलं होतं:
"ओलो चिखल फुसू नको गो, पसारता.
सुकांदे. मगे खपली आपणच सोडता.
आणि म्हशीसारखी न्हाणव नको तिका,
पाणी गेला तर बेअरिंग रडतला."

म्हणून माझी सगळी अवजारं सुकी:
टोकाला चपटी केलेली कामटी,
सोडणाचा तुकडा,
मुलाचा जुना ब्रश साखळीसाठी,
परकराची चिंधी, तेलाची बाटली.
पाणी एकच तांब्या, गोड्या विहिरीचं,
तेही खारवाडीहून आल्यावर.
पुढच्या मडगार्डला पोफळीची विरी बांधली आहे,
जमिनीपासून चार बोटं वर.
पोरं म्हणतात, सायकलीला दाढी आली.
येऊ दे.

संध्याकाळी खळ्यात नाही आणत तिला,
खळं आत्ताच चोपून सारवलंय.
मागीलदारी, न्हाणीच्या कडेला
चिऱ्याला टेकवते आणि खरवडत बसते.
हे काम बोलायचं नाही.
कामटी फिरते, खपल्या पडतात,
दिवस उलट्या बाजूने सुटत जातो:
आधी काळी, मग करडी, मग लाल,
मग पत्रा.

गेल्या महिन्यात तपासणीला वाघमोडे साहेब आले.
शिक्के बघितले, रजिस्टर बघितलं,
ओट्याला टेकलेली सायकल बघितली.
आऱ्यांवरून बोट फिरवलं. बोट बघितलं.
"शेर्लेकर बाई, ही तर दुकानातली दिसते.
खारवाडीला रोज जाता ना, की..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.
सात हिवाळे घासलेल्या त्या सायकलीकडे
मी पहिल्यांदाच परक्यासारखं पाहिलं,
आणि खरंच, तिच्यावर माझा
एकही पुरावा नव्हता.

त्यांना मागीलदारी नेलं.
न्हाणीशी गुडघाभर ढीग,
कापलेल्या खरवसासारखे थर दिसणारा,
त्यात मी लावलेल्या चार मिरच्या
आणि एका कडेला, कुणीच न लावलेली,
भाताची दोन पाती.
"हे काय?"
"फेरी," म्हटलं. "शनिवारपर्यंतची."

साहेब बराच वेळ उभे राहिले.
मग म्हणाले, उद्या मीही येतो.
शेजारच्या बाबल्याची सायकल मागून आणली त्यांना.
तिला विरी नव्हती, मागचं मडगार्डही नव्हतं.
मी काही बोलले नाही.

परतलो तेव्हा ऊन माडांच्या कमरेला आलं होतं.
त्यांच्या पांढऱ्या शर्टावर मानेपासून पट्ट्यापर्यंत
करडी रेघ, सरळ,
जशी रजिस्टरात समासाची.
ते बादली घेऊन विहिरीकडे निघाले.
"थांबा साहेब," म्हटलं.
"सुकांदे."